आधी पिंजरा दाखव

आमच्या मॅडमना माणसाचं नाव विचारायची सवय नव्हती. त्या वय विचारायच्या. एम. फार्म.ला प्रवेश घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्यापुढं उभी राहिले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "वय?" मी सांगितलं. "हं. बाई हायेस ते दिसूनच राहिलं. दोन गोष्टी कळल्या. बाकीचं कळंल हळूहळू." माझं नाव त्यांनी पुढं कितीतरी दिवस विचारलं नाही. तोवर मी त्यांच्या लेखी 'सेनगावकडची' होते.

हा प्रश्न त्या कुणालाही टाकायच्या. हिंगोलीच्या बसस्टँडवर एकदा कंडक्टर "मागं सरका, मागं सरका" म्हणून ओरडत होता. मॅडमनी त्याला थांबवून विचारलं, "वय काय तुमचं?" तो इतका गोंधळला की खरं वय सांगून बसला. "मंग या वयात एवढं ओरडू नका. बीपी वाढंल," असं म्हणून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या ते औंढ्यापर्यंत. प्राचार्यांशी भांडायचं असलं तर भांडणाआधी त्यांचंही वय विचारून घ्यायच्या. प्राचार्य वैतागून म्हणायचे, "मॅडम, मागच्या वेळी सांगितलं होतं ना?" त्यावर मॅडम अगदी गंभीरपणे म्हणायच्या, "मागच्या वेळेला वरीस झालं, सर. वाढलं न्हाई का?"

लोक त्यांना चक्रम म्हणायचे. मीही म्हणायचे. आता दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी भांडते.

उंच, सावळ्या, पायात पुरुषी चपला, आणि अंगात कायम पांढरा अ‍ॅप्रन. कायम म्हणजे कायम. हळदीच्या मार्केटात घरासाठी हळद घ्यायला गेल्या तरी अ‍ॅप्रन अंगातच. अनोळखी व्यापाऱ्यांना वाटायचं, भेसळ तपासणारे आले. ते उठून खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. मॅडम चहा पिऊन, हळद नाकाशी धरून, नापसंत करून पुढच्या दुकानात जायच्या. त्या सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर वाढलेल्या. म्हणायच्या, "माझे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे. मी उंदरांच्या शेपटीतून रक्त काढते. आमच्या घराण्यातून जनावर काही सुटलं न्हाई."

आमचं कॉलेज हिंगोलीहून औंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आजूबाजूला हळद आणि तूर. कॉलेजच्या मागं प्राण्यांची खोली होती. पाटीवर तिचं नाव मोठं भारदस्त होतं, पण सगळे तिला उंदीरखाना म्हणायचे. आत पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगाचे उंदीर. वैशाखात लाईट गेली की मॅडम स्वतः ओल्या पोत्यांचे पडदे लावायच्या आणि आम्हाला पुठ्ठ्यांनी वारा घालायला बसवायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, आमच्या होस्टेललाही पंखा नाही." "तुला बोंबलायला तोंड हाय. यांना न्हाई," त्या म्हणाल्या. मी पुठ्ठा हलवत राहिले.

पिंजऱ्यांवर नंबर असायचे, पण बोलताना नंबर घ्यायचा नाही, नातं लावायचं, हा त्यांचा दंडक. तरणे नर म्हणजे जावाई. म्हातारे नर म्हणजे मामा. तरण्या माद्या म्हणजे नणंदा, आणि ज्यांचं पिल्लं घालायचं वय सरलंय, पण मॅडमनी हट्टानं सांभाळून ठेवल्यात, त्या आत्याबाई. बाहेरून कुणी आलं आणि आमचं "जावयांना आज जुलाब लागलेत" हे बोलणं ऐकलं, की दारातूनच मागं फिरायचं. मला हा पोरखेळ वाटायचा. मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्या हात धूत होत्या. साबणाची वडी संपेपर्यंत हात धुवायची त्यांची रीत होती. त्या म्हणाल्या, "आत्या म्हटलं की काय कळलं? बाईमाणूस हाय आन् वयस्कर हाय. जावाई म्हटलं की गडी हाय आन् तरणा हाय. आन् 'नमुना क्रमांक अमुक' म्हटलं की काय कळलं? कायबी न्हाई. आपल्या बोलीला जे कळतं ते तुमच्या तक्त्याला कळंना."

त्यांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर अडलेलं होतं. रक्तातलं एन्झाइम मोजताना ते रक्त कुणाचं, केवढ्याचं, हे आधी विचारायचं. वर्गात त्या शिकवायच्या की उंदीर वाढत्या वयाचा असला की त्याच्या रक्तात हाडांच्या वाढीमुळं एक एन्झाइम चढलेलं असतं. तोच उंदीर पिकला की ते उतरतं. त्यात आजार नसतो, वय असतं. दुसरं एक एन्झाइम, कोलिनएस्टरेज, पिल्लांमध्ये नर-मादी सारखंच असतं. वयात आल्यावर मात्र मादीचं वर जातं, नराला पार मागं टाकून. "आन् पुस्तकात आकडा कुणाचा छापलेला असतो? तरण्या नराचा. माद्या म्हणे कटकटीच्या, त्यांचं चक्र असतं. म्हाताऱ्यांना म्हणे खर्च लई. म्हणजे बायका आन् म्हातारे सोडून जे उरलं, त्याला हे लोक 'नॉर्मल' म्हणतात." एवढं बोलून झालं की त्या फळ्यावर खडूनं मोठं प्रश्नचिन्ह काढायच्या आणि तास संपायच्या आतच निघून जायच्या.

घरीही तेच. त्यांच्या आईच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मी एकदा त्यांच्यासोबत हिंगोलीतल्या एका लॅबमध्ये गेले होते. आईला त्या याडी म्हणायच्या. याडी बाकावर बसलेली, हातात काठी. काउंटरवरच्या पोरानं रिपोर्टवरच्या एका आकड्यावर पेन टेकवलं. "हे थोडं नॉर्मलच्या बाहेर आहे."

"कुणाच्या नॉर्मलच्या?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यांचं एकच असतं, मॅडम."

"तुझं वय काय?"

त्यानं सांगितलं.

"तू तरणा गडी. ही माझी याडी, सात लेकरांची माय. तुमचं दोघांचं एकच? मंग तिची काठी घे आन् तुझी गाडी दे तिला."

डॉक्टर येईपर्यंत मॅडम तिथून हलल्या नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वयाप्रमाणं तक्ता वेगळा असतो हे मान्यही केलं. तोवर याडी भुकेनं कावली होती. ती तिच्या बोलीत मॅडमना काय बोलली ते मला कळलं नाही, पण मॅडमनी लगेच रिपोर्टची घडी घातली आणि तिला हात देऊन उठवलं.

आता मूळ गोष्टीकडं येते, कारण ती सांगितल्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत. आणि ती सांगताना माझं डोकं आजही तापतं.

माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक मॅडम नव्हत्या, एक सर होते. शिस्तीचे. वर्गात मुलं एकीकडं, मुली एकीकडं. प्रॅक्टिकललासुद्धा मुलगा आणि मुलगी एका टेबलावर दिसले तर ते दोघांना वेगळं करायचे. माणूस वाईट नव्हता, पण संस्थेच्या सचिवसाहेबांपुढं त्यांचा कणा मेणाचा व्हायचा. या सचिवसाहेबांनी हळदीपासून एक टॉनिक काढलं होतं. फवारणी करणाऱ्यांनी सकाळी दोन झाकणं प्यायचं, मग विष बाधत नाही, असा त्यांचा दावा. आमच्याकडं सोयाबीन-कपाशीवर फवारणी म्हणजे घरोघरी. गडी पाठीवर पंप घेतात, बाया पाणी वाहतात, औषध कालवतात, गडी नसला तर त्याच पंप चढवतात. बाटली खपणार होती. फक्त 'प्रयोगशाळेत सिद्ध' एवढे दोन शब्द हवे होते, आणि ते माझ्या प्रबंधातून यायचे होते.

प्रयोग साधा होता. फवारणीचं विष अंगात गेलं की रक्तातलं हे कोलिनएस्टरेज उतरतं. जितकं उतरलं तितकं विष चढलं. उंदरांच्या एका गटाला नुसतं विष थोडंथोडं द्यायचं, दुसऱ्याला विष आणि टॉनिक. मग दोघांचं रक्त मोजायचं. त्या वेळी पुरवठादाराकडं नर कमी पडले आणि आमच्याकडं नर-माद्या मिसळून आल्या. सरांनी पेटी उघडली आणि त्यांच्यातला शिस्तीचा माणूस जागा झाला. "एकत्र ठेवले तर महिन्याभरात घरभर पिल्लं," म्हणाले आणि नर सगळे डाव्या मांडणीवर, माद्या सगळ्या उजव्या मांडणीवर. तिथवर ठीकच होतं. पण गट पाडायची वेळ आली तेव्हा त्यांनी तीच वाटणी उचलली. टॉनिक रोज नळीनं पाजावं लागतं. माद्या आकारानं लहान, हातात शांत राहतात, म्हणून टॉनिक माद्यांना. नर चावतात, म्हणून त्यांना नुसतं विष. रक्त तपासायची किट वाचावीत म्हणून सुरुवातीचं रक्त घेतलंच नाही.

मोजणीच्या दिवशी नळीत पिवळा रंग चढताना मी डोळ्यांनी पाहिला. जितका लवकर चढेल तितकं एन्झाइम जास्त. नरांचा फिका, टॉनिकवाल्यांचा हळदीच्या पाण्यासारखा गडद. सर आकडे पुन्हा पुन्हा पडताळून पाहत होते. सचिवसाहेब स्वतः आले, पेढे आले, फोटो झाले. सर म्हणाले, "पोरी, तुझं कल्याण झालं." मलाही तसंच वाटलं. आमच्या घरात पदवीच्या पुढं गेलेली मी पहिलीच; पुढच्या जूनमध्ये प्रबंध सादर झाला की हिंगोलीतच नोकरीचं बोलणं होतं.

मॅडम दारात उभ्या होत्या. हातातला पेढा त्यांनी खाल्ला नव्हता.

"आकडे लई छान हायेत," त्या म्हणाल्या. "आधी पिंजरा दाखव."

मी दाखवला. त्यांनी उजव्या मांडणीवरचा एक उंदीर उचलून उलटा धरला, पाहिला, ठेवला. मग डावीकडचा. मग सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "इकडं समद्या नणंदा. तिकडं समदे जावाई. सर, हे टॉनिकानं वाढलं न्हाई. नणंदांचं असंच असतं."

सरांचा चेहरा उतरला, मग तापला. "म्हणजे तुमचं काय म्हणणं आहे, मॅडम?"

"माझं म्हणणं एवढंच की टॉनिकाच्या पिंजऱ्यात बी दोन्ही पायजेत आन् बिगर टॉनिकाच्या बी दोन्ही पायजेत. तरणे बी, म्हातारे बी. आन् आधीचं रक्त पायजे. तोवर ही बाटली म्हणजे नुसतं हळदीचं पाणी."

"तुम्हाला कुणी मागितला सल्ला?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर देऊन राहिले."

सचिवसाहेब हसले. आम्हाला वाटलं, विषय संपला. जाताना ते प्राचार्यांना एवढंच म्हणाले, "मॅडमचं कायम करण्याचं प्रकरण या महिन्यात माझ्याकडं येणार आहे ना?" मॅडम वर्षानुवर्षं करारावर होत्या. हे सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले.

मला मॅडमचा राग आला. खरं सांगते, आला. त्यांचं बरोबर आहे हे कळत होतं, पण माझं जून हातचं जाताना दिसत होतं. दोन-तीन दिवस मी त्यांच्या वाटेला गेले नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. त्या उंदीरखान्यात आपल्या आत्याबाईंना गाजराचे तुकडे घालत बसायच्या.

त्या रविवारी मी गावी गेले. घरी कुणी नव्हतं. ओट्यावर खोकं होतं, त्यात टॉनिकच्या बाटल्या, एक फोडलेली. साहेबांच्या माणसानं आणून ठेवल्या होत्या, 'तुमच्या पोरीनं शोधलेलं औषध' म्हणून, सगळ्या आळीला वाटायला. मी शेतात गेले. माय पाठीवर पंप घेऊन सोयाबीनच्या ओळींत होती. एरवी ती तोंडाला पदर बांधून, वर माझ्या बापाचा जुना शर्ट चढवून फवारायची. त्या दिवशी तोंड उघडं, हात उघडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"माय, तोंड काहून बांधलं न्हाई?"

"काहून बांधू? दोन झाकणं पेऊन आले ना. तुहंच औषध हाय म्हणं," ती म्हणाली आणि बांधावर बसली. डोकं गरगरतंय म्हणाली. उलटी केली. मी तिला विहिरीवर नेऊन अंगावर पाणी ओतलं, कपडे बदलले, जीपनं सेनगावच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तिला बरं वाटलं. सलाईन लावलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवून ती म्हणाली, "तुह्या औषधाचं नाव नको खराब करू. म्याच उपाशी गेले हुते." मला रडू आलं नाही. मला असा संताप आला की दवाखान्याची भिंत फोडावीशी वाटली.

सोमवारी मी सरळ उंदीरखान्यात गेले. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मायचं वय?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अ‍ॅप्रन घाल. पुन्हा रक्त घ्यायचंय."

नव्या प्रयोगाची परवानगी त्यांनी आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीकडून रीतसर आणली, कारण प्राण्याचा जीव उगा जाऊ द्यायचा नाही याबाबतीत त्या सरकारपेक्षा कडक होत्या. जावाई, मामा, नणंदा, आत्याबाई: चारी नाती दोन्ही बाजूंना. एका बाजूला विष आणि टॉनिक, दुसऱ्या बाजूला विष आणि साधं पाणी. आधी रक्त, मग पुन्हा रक्त. निकाल काय लागणार ते आम्हाला ठाऊक होतं आणि तोच लागला. टॉनिकनं काही होत नाही. नणंदांचा आकडा विषानंतरही जावयांच्या वर राहतो, पण त्यांचंही आधीपेक्षा उतरलेलं असतंच. नुसत्या आकड्याकडं पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आणि म्हातारे, मामा काय आणि आत्याबाई काय, त्यांचं एकदा उतरलं की परत चढायला फार उशीर लागत होता. टॉनिक घेऊनही. ज्या दिवशी आत्याबाई गेल्या त्या दिवशी मॅडम दिवसभर जेवल्या नाहीत आणि संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून माझ्यावर खेकसल्या. मी वाईट मानून घेतलं नाही.

आम्ही निकाल सरांना दाखवला, प्राचार्यांना दाखवला. सर म्हणाले, "हे माझ्या मार्गदर्शनाखाली झालेलं नाही." प्राचार्य म्हणाले, "पाहू." सचिवसाहेबांनी मॅडमना बोलावून सांगितलं की शिरड शहापूरला बाटलीचा शुभारंभ आहे, तुम्ही स्टेजवर बसा, तांड्यातून शिकून वर आलेली बाई बाजूला दिसली की बायांचा भरवसा बसतो. बोलायचं काही नाही, नुसता नमस्कार.

"बसते," मॅडम म्हणाल्या. "पण बोलायला लावू नका, साहेब. लावलं तर बोलीन." साहेबांना तो विनय वाटला.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुढं ताडपत्रीवर बाया, मागं गडी. माझी मायही आली होती, मीच आणली होती. भाषणं झाली, सरांनी आलेख दाखवले, बाटलीला फुलं वाहिली. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांना रंग चढला आणि त्यांनी कुणाला न विचारता पुकारलं, "आता आपल्या लेडी सायंटिस्ट मॅडम दोन शब्द बोलतील." साहेबांनी हातानं नको म्हटलं, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या.

मॅडम उठल्या. अ‍ॅप्रन अंगातच. "बायांनो," त्या म्हणाल्या, "एका खुंट्याला म्हैस बांधली आन् एका खुंट्याला शेळी. म्हशीला नवी पेंड चारली, शेळीला न्हाई. मंग दूध काढलं. म्हशीचं जास्त निघालं. पेंड भारी का?"

ताडपत्रीवर हशा उसळला. "म्हैसच हाय ती, बाई!" कुणीतरी ओरडलं.

"आमच्या प्रयोगात हेच झालं. टॉनिकवाल्या समद्या माद्या हुत्या. मादीचं रक्त तसंच असतं. आमी पुन्हा केलं, दोन्ही खुंट्यांना दोन्ही बांधून. पेंडीत काई न्हाई. तोंड बांधा, हात झाका, वाऱ्याला पाठ करून फवारा, आन् या बाटलीच्या भरवशावर एक ओळ बी फवारू नका."

मांडवात काय गोंधळ झाला ते सांगत बसत नाही. माझी माय उभी राहिली आणि स्वतःहून बोलली, "म्या पेली हुती. म्या उलट्या केल्या," आणि पदर सावरून खाली बसली. मला तिचा जो अभिमान वाटला तो मला माझ्या पदवीचाही वाटला नाही. ती पदवी पुढं वर्ष वाया घालवून, दुसऱ्या गावच्या कॉलेजातून, दुसऱ्या मार्गदर्शकाकडून मिळाली. प्रबंधात मात्र हेच निकाल होते. त्यातला एक आकडाही मी बदलला नाही.

मॅडमना दुसऱ्या दिवशी काढलं. कारण काहीतरी उपस्थितीचं दाखवलं. त्यांनी भांडण केलं नाही, उंदीरखान्यात जाऊन प्रत्येक पिंजऱ्यातलं पाणी बदललं आणि स्कूटीवरून निघून गेल्या.

पण म्हैस आणि शेळी हिंगोलीपासून सेनगावपर्यंत पसरली. दुकानात बाटली दिसली की गडी म्हणायचे, "हे म्हशीचं का शेळीचं?" आणि हसत निघून जायचे. त्यातच कॉलेजची तपासणी जवळ आली. पीएच.डी. झालेले शिक्षक मोजले जातात आणि मॅडम गेल्यानं एक कमी पडत होता. तेव्हा सचिवसाहेबांनी निरोप धाडला. परत या. कायम करतो. फक्त त्याच शिरड शहापूरच्या पटांगणात, त्याच लोकांपुढं एकदा माफी मागा.

मॅडमनी हो म्हणून कळवलं.

मी त्यांच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हीसुद्धा? याडी म्हातारी आहे, औषधपाणी आहे, ते सगळं मला कळतं. पण माझी माय उभी राहिली त्या पटांगणात, तिचं काय? त्या भाजी निवडत होत्या. "चूक झाली असंल तर माफी मागायलाच पायजे की," एवढंच म्हणाल्या. मी चहा न घेता निघाले.

तरी त्या दिवशी मी मायला घेऊन शिरड शहापूरला गेलेच. मांडव तोच, साहेब तेच, बाटल्यांची आरास मागच्यापेक्षा मोठी. मॅडमना माईक दिला. साहेब खुर्चीत रेलून बसले.

"बायांनो, गड्यांनो," मॅडम म्हणाल्या, "मागच्या खेपेला मी इथं बोलले ते चुकीचं हुतं. त्याची माफी मागायला आले."

साहेबांनी मान डोलावली. मी मान खाली घातली.

"चूक अशी झाली," त्या म्हणाल्या, "की मी अर्धंच सांगितलं. बायांचं सांगितलं, म्हाताऱ्यांचं राहून गेलं. आमच्या प्रयोगात म्हातारे उंदीर बी हुते. त्यांना टॉनिक पाजलं तरी त्यांचं रक्त भरून यायला तरण्यांपेक्षा लई दिवस लागले. म्हंजे ज्यांचं वय झालंय त्यांनी पंपाला हातच लावू नये. हे मी तवाच सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं. माझी चूक हाय. माफ करा."

मागून एक म्हातारा उभा राहिला. "बाई, म्या सत्तरीचा हाय. म्या फवारतो."

"उद्यापून फवारू नका, मामा. पोराला सांगा. आन् पोराला तोंड बांधायला सांगा."

साहेबांनी खूण केली आणि माईक बंद झाला. मॅडमनी तो टेबलावर ठेवला, स्टेजवरून उतरल्या आणि ताडपत्रीवर बायांच्या मधोमध मांडी घालून बसल्या. गडी मागून उठून पुढं आले. मी वाट काढत त्यांच्या शेजारी जाऊन बसले, माझी माय माझ्या मागं. मॅडमनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.